महागाई उतरली म्हणे, मग घर का भागेना?

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशेब लिहितो. कट्टे मोजून घ्यायचे, पट्टी म्हणजे विक्रीची पावती फाडायची, हमाली-तोलाई लावायची, उचल म्हणजे आधी घेतलेली आगाऊ रक्कम वळती करायची आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याला द्यायची, एवढंच काम. नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. सप्टेंबरच्या पुराने रानं खरवडून नेली होती. वाचलेलं सोयाबीन डागी आणि ओलसर. मॉइश्चर मीटरकडे बघायचीच भीती वाटावी असा माल. औशाकडचे एक आबा पट्टीची वाट बघत बाकावर बसले होते. समोरच्या टीव्हीवर बातमी लागली: ऑक्टोबरचा महागाई दर ०.२५ टक्के, २०१२ च्या पायावरची मोजणी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कमी.

"काय म्हणायलाय रे त्यो?" आबांनी विचारलं.

"महागाई कमी झाली म्हणायलाय, आबा."

"कुठली?"

मी हसलो, पण ते काही विनोद करत नव्हते. प्रश्न अगदी बरोबर होता. महागाई एकच नसते. टीव्हीवरची वेगळी, आबांच्या घरातली वेगळी आणि माझ्या घरातली तिसरीच. ती वेगळी का असते आणि मराठवाड्यातल्या घराचा गळा नेमकी कुठे आवळते, हे मला जसं समजलंय तसं सांगतो.

आधी 'दर' या शब्दाचा घोळ मिटवू. महागाईचा दर खाली आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. किमती किती वेगाने वाढताहेत, एवढंच हा दर सांगतो. शंभर रुपयांची वस्तू एका वर्षात ८ टक्क्यांनी वाढून १०८ ची झाली. पुढच्या वर्षी दर २ टक्क्यांवर आला, की बातम्यांमध्ये 'दिलासा' सुरू. पण वस्तू ११० रुपयांवर गेलेलीच असते. गाडीचा वेग कमी झालाय, गाडी मागे आलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये देशाचा किरकोळ महागाई दर ७.७९ टक्क्यांपर्यंत गेला होता. तेव्हा चढलेल्या किमती वर्षानुवर्षं घराच्या हिशेबात मुक्कामाला राहतात.

शिवाय हा दर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाला वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागला होता. एवढ्या उंचावरून मोजायला लागल्यावर २०२५ चा ऑक्टोबर ठेंगणा दिसणारच. भर म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर उतरले. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल पाच टक्क्यांत आलं, वह्या-पेन्सिलींवरचा कर गेला. हा दिलासा खरा होता, ते नाकारत नाही. पण आबांच्या वर्षाच्या खर्चात टूथपेस्ट कितीशी?

सरकार महागाई मोजतं ती एका टोपलीवरून. सरासरी घर कशावर किती खर्च करतं, याची पाहणी करून प्रत्येक गोष्टीला वजन दिलं जातं. २०१२ हे पायाभूत वर्ष (ज्याच्या किमतींशी पुढची तुलना करायची ते) धरलेल्या मालिकेत खाण्यापिण्याला देशभरासाठी शंभरात ४५.८६ वजन होतं, तर ग्रामीण भागासाठी ५४.१८. शिक्षणाला मिळून ४.४६ आणि आरोग्याला ५.८९. फेब्रुवारी २०२६ पासून २०२४ च्या पायावर नवी टोपली आली आहे आणि तिच्यात खाण्याचा वाटा कमी केला आहे. टोपली बदलली तरी ती सरासरीच राहते. लातुरात ज्यांचं लेकरू अकरावी-बारावीला आहे, त्यांनी आपल्या घरात शिक्षणाचं वजन काढून बघावं. क्लासची फी, होस्टेल, मेस, टेस्ट सिरीज, रूमचं डिपॉझिट. शंभरातले साडेचार? आमच्या गल्लीत नांदेड, परभणी, हिंगोलीकडची पोरं राहतात. त्यांच्या घरच्यांना विचारलं तर चाळीस म्हणतील. एका बापाने मला सांगितलं, "दोन एकर पेरतो ते मेसला, अन् दोन एकर क्लासला. घरच्याला रोजगार हाये." लातूर पॅटर्नचं कौतुक सगळीकडे होतं, त्याची बिलं मात्र गावाकडे फाटतात.

एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक गोष्ट मांडली होती. घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चात खाण्याचा वाटा मोठा. भारतात २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात दर माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला आणि त्यातला ४७ टक्के खाण्यावर. आता यात मेख अशी, की खाणं महागलं तर गरीब घराला पळवाट नसते. नवी साडी पुढच्या वर्षी घेता येते. भाकरी पुढच्या वर्षी खाता येत नाही.

इथपर्यंत जे सांगितलं ते पुण्या-मुंबईच्या घरालाही लागू आहे. मराठवाड्याचं दुखणं पुढे सुरू होतं. इथलं घर बाजारात दोन दारांनी जातं. एका दाराने विकायला, दुसऱ्याने विकत घ्यायला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशात खाद्यपदार्थांच्या किमती वर्षभरापूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी खाली होत्या. डाळी उतरल्या होत्या, भाजी उतरली होती. शहरातल्या घराला बरं वाटलं. पण ही डाळ पिकवतं कोण? तुरीची आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत बिनशुल्क ठेवली होती. बाहेरची तूर बंदरात उतरली की उदगीर-लातूरच्या बाजारात भाव बसतो. टीव्हीवर 'डाळ स्वस्त, गृहिणींना दिलासा' येतं, तेव्हा ती बातमी बघणारी इथली गृहिणीच तुरीची मालकीण असते. तिला दिलासा किती रुपयांचा आणि तोटा किती रुपयांचा, हे कोणी एकत्र मांडत नाही.

सोयाबीनचं तर त्याहून विचित्र. मला हे समजायला बरीच वर्षं लागली, म्हणून जरा सावकाश सांगतो.

एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. आपण सोयाबीनला तेलबिया म्हणतो खरं, पण वजनाने ते पेंडीचं पीक आहे. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात, जनावरांच्या खाद्यात आणि परदेशात. पेंडीला उठाव नसेल तर सोयाबीनचा भाव उठत नाही, मग तेल कितीही चढो. अलीकडे मका आणि तांदळापासून इथेनॉल काढतात. त्यात मागे राहणारा चोथा, ज्याला धंद्यात डीडीजीएस म्हणतात, तोही खाद्यात जातो आणि पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. झाली पेंडीची पंचाईत.

तेलाचं गणित वेगळं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं, रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ वर. शेतकऱ्याच्या सोयाबीनला भाव मिळावा, हा हेतू. हेतूवर मी शंका घेणार नाही. झालं काय? तेलाचा डबा ऐन दिवाळीत चढला. सोयाबीन मात्र त्या हंगामात ४,८९२ च्या हमीभावाखालीच लोळत राहिलं, कारण वजन पेंडीचं आणि पेंड पडलेली. मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा कमी केलं. पण मधल्या काळात इथल्या घराने आपलंच सोयाबीन स्वस्तात विकलं आणि त्याचंच तेल महाग घेतलं. माझ्या टेबलासमोर उभं राहून लोक पट्टीचे पैसे मोजतात आणि यार्डाच्या बाहेरच्या किराणा दुकानात तेलाचा भाव विचारून पाच लिटरच्या डब्याऐवजी दोन पिशव्या घेतात. हे मी डोळ्यांनी बघतो.

हमीभावापेक्षा थोडा कमी भाव मिळाला तर एवढं काय बिघडतं, असं शहरातले पाहुणे विचारतात. त्यांच्यासाठी एक हिशेब. समजा चार एकराचं घर आहे, एकरी सहा क्विंटल उतारा. म्हणजे २४ क्विंटल. नांगरणीपासून मळणीपर्यंत एकरी १७ हजार खर्च धरू, एकूण ६८ हजार. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. तो मिळाला तर येतात १,२७,८७२ आणि खर्च जाऊन हातात ५९,८७२. बाजारात ४,१०० ने विकलं तर येतात ९८,४०० आणि हातात उरतात ३०,४००. भाव पडला २३ टक्क्यांनी, घराची शिल्लक पडली जवळजवळ निम्म्याने. खर्च आधीच करून बसलेला असतो, त्यामुळे भावातला प्रत्येक रुपया थेट शिल्लकीतून कापला जातो. आणि हा चांगल्या उताऱ्याचा हिशेब आहे. पुराच्या वर्षी एकरी तीन क्विंटल निघाले असतील तर वजाबाकी करूच नका.

मग हमीभाव केंद्रावर का देत नाहीत? देतात, ज्यांना थांबता येतं ते. नोंदणी करा, सातबारा आणा, पीक पाहणी लावा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा, नंबर लागेपर्यंत माल घरात ठेवा, पैसे खात्यावर यायची वाट बघा. २०२४ मध्ये ओलाव्याची अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. पण दिवाळी तोंडावर असताना, पोरीच्या होस्टेलचा फोन येत असताना, आठवड्याने मिळणाऱ्या ५,३०० पेक्षा आज मिळणारे ४,१०० मोठे वाटतात. आणि खरं सांगायचं तर जुलैमध्ये ज्याने आमच्या दुकानातून उचल घेतली, त्याला माल आमच्याकडेच घालावा लागतो. मी ज्या गादीवर बसून हे लिहितोय, तीही या हिशेबाचा भाग आहे.

पैसा वर्षातून दोनदा, खर्च रोज

नोकरदाराच्या घरात पगार महिन्याला येतो आणि खर्चही महिन्याला जातो. शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि मग तूर-हरभऱ्याला, जानेवारी ते मार्च. बाकी महिने जुन्यावर किंवा उसन्यावर.

जून हा इथल्या घराचा सगळ्यात अवघड महिना. एकाच पंधरवड्यात शाळा उघडते आणि पेरणी येते. बियाण्याची पिशवी, डीएपी खताचं पोतं (छापील भाव १,३५० रुपये, मिळालं तर, न मागितलेली दुसरी पिशवी गळ्यात मारणारे दुकानदार वेगळे), ट्रॅक्टरचं भाडं, दप्तर, गणवेश, बस पास. पाऊस लांबला तर दुबार पेरणी. त्याच्या आधी एप्रिल-मे मध्ये लग्नसराई झालेली असते. घरचं लग्न नसलं तरी भावकीत चार असतात. टॉवेल-टोपी, लुगडं, आहेर. शिवाय उन्हाळ्यात टँकर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं लातूर आम्ही बघितलंय. पाणी विकत घेणं हा किती मोठा खर्च असतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून महागाईचा मार इथे दोन पदरी बसतो. एक तर वस्तू महाग. वर ती घेताना हातात पैसा नसल्यामुळे उधारीचा भाव वेगळा. रोखीने घेतलेलं खत आणि 'सोयाबीनवर देतो' म्हणून घेतलेलं खत एका किमतीचं नसतं. दुकानदार व्याज असा शब्द वापरत नाही, 'उधारीचा रेट' म्हणतो. सरकारच्या कुठल्याच टोपलीत हा रेट नाही.

ज्यांना शेत नाही त्यांचं कॅलेंडर आणखी निराळं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड जोडप्याला दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल मिळते, आणि पुढचे पाच-सहा महिने कोयता चालवून ती फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, चांगलं झालं. पण तोडणीचा दर ठरतो काही वर्षांनी एकदा आणि किराणा बदलतो दर महिन्याला. मधल्या काळात खर्च वाढला की उचल मोठी घ्यावी लागते. उचल मोठी म्हणजे जास्त टन. वाढीव महागाई इथे रुपयांत नाही, अंगाने फेडतात.

ठरलेल्या रकमेचं असंच होतं. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये २०१९ मध्ये सुरू झाले आणि आकडा तोच राहिला. सरकारी निर्देशांकानुसारच २०१९ च्या सुरुवातीपासून २०२५ च्या अखेरीपर्यंत सरासरी किमती साधारण ४० टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे २०२५ च्या शेवटी त्या ६,००० मध्ये २०१९ च्या सव्वाचार हजारांचा माल येत होता. कोणी कपात केली नाही, तरी कपात झाली. जुलै २०२४ पासूनच्या लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांना हाच नियम लागतो. राज्याने नमो शेतकरी योजनेतून वर्षाला आणखी ६,००० दिले, तेवढा आधार नक्की झाला.

हप्त्यावर हप्ता

खर्च वाढला आणि पैसा वेळेवर नसला की घर एका ठरावीक क्रमाने वागतं. आधी दूध कमी होतं. मग आठवड्याच्या बाजारातली फळं जातात. डाळ पातळ होते. म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या दिवसाआड होतात, आणि ही काटकसर पुढे सगळ्यात महाग पडते. त्याने भागलं नाही की हातउसनं. मग बचत गट. मग दाराशी येणारी मायक्रोफायनान्सवाली, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीची गाडी. मग सोनं गहाण. शेवटी सावकार.

या पायऱ्यांवर व्याज कसं चढतं ते पाहण्यासारखं आहे. सगळ्यात खाली पीककर्ज. तीन लाखांपर्यंत, वेळेत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून शेतकऱ्याला शून्य टक्के पडतं. वेळ चुकली की सवलत गेली, आणि खातं थकलं की पुढच्या वर्षी नवं कर्ज नाही. कर्जमाफीच्या आशेवर थांबलेले बरेच जण इथेच अडकले. सगळ्यात वर सावकार: शेकडा तीन. ऐकायला तीन, पण ते महिन्याला. वर्षाचे ३६ टक्के.

मधली पायरी सगळ्यात फसवी, कारण ती स्वस्त वाटते. 'वर्षाला फक्त १४ टक्के' असं सांगून कोणी ५०,००० दिले, दोन वर्षांत फेडायचे. १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज १४,०००. एकूण ६४,०००, हप्ता २,६६७ रुपये. बरोबर वाटतं ना? पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत आहात. वर्षाअखेरीला तुमच्याकडे ५०,००० उरलेलेच नसतात, तरी व्याज पूर्ण पन्नासावर लावलं. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर जवळपास २५ टक्के निघतो. पहिल्याला फ्लॅट दर म्हणतात, दुसऱ्याला घटत्या शिलकीचा दर. कर्ज घेताना एवढा एकच प्रश्न विचारा: कुठला?

तो प्रश्न विचारायचा हक्क कागदावर आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत बँकेने किंवा कंपनीने 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायला हवं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती, ते त्यात एका आकड्यात लिहिलेलं असतं. मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारण कर्ज त्यात येतं. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर दारात यायचं नाही. माझ्या बायकोच्या बचत गटात हे वाचून दाखवलं, तेव्हा एक ताई म्हणाली, "आमच्याकडं तर आठला यायलेत. बाया चूल सोडून बसायल्यात."

निम्म्याचा नियम चांगला आहे, पण शेतकरी घराचं 'महिन्याचं उत्पन्न' काढायचं कसं? वर्षाचं भागिले बारा. कागदावर दहा हजार निघतात, जुलैत हातात शंभरही नसतात. हप्ता मात्र जुलैतही येतो. तो भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, दुसरीचा भरायला तिसऱ्या गटात नाव. लाडक्या बहिणीचे पैसे खात्यावर येतात आणि त्याच आठवड्यात हप्त्यात जातात, असं आमच्या गल्लीत तरी सर्रास आहे.

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ वर आणला. ज्याचं शहरात फ्लॅटचं कर्ज आहे, त्याचा हप्ता उतरला असेल. आमच्या दुकानाची उचल, उधारीचा रेट आणि शेकडा तीन यांना रेपो माहीत नाही.

सोन्याचं एक वेगळंच. २०२५ मध्ये तोळा लाखाच्या पार गेला. लेकीचं लग्न असलेल्या बापाची झोप उडाली. पण त्याच गावात गहाण ठेवायला गेलेल्या बाईला त्याच मण्यांवर जास्त रक्कम मिळाली आणि तिला ते बरंच वाटलं. मोठी रक्कम म्हणजे मोठं व्याज, हे सोडवायच्या वेळी कळतं.

किरकोळ

आता घरातली गोष्ट. बायको एका जुन्या डायरीत खर्च लिहिते. किराणा, दूध, गॅस, लाईट, शाळा आणि शेवटी 'किरकोळ'. मार्चमध्ये किरकोळ निघालं ३,१०० रुपये, गॅस आणि लाईटपेक्षा जास्त. आम्ही दोघं बसलो आणि ते उसवलं.

पहिला निघाला रिचार्ज. तीन मोबाईल. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले होते, ते माहीत होतं. पण २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात, हे मी हिशेबनीस असून कधी मोजलं नव्हतं. दुसरी एसटी. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्के वाढलं. बायकोला अर्धं तिकीट लागतं, ते २०२३ पासून, म्हणून गावाकडची कामं आता तीच करते. घरातल्या कामाची वाटणी तिकिटाच्या दराने बदलली, गंमतच आहे. तिसरं, पोरांचे पाच-दहा रुपयांचे पुडे. किंमत वर्षानुवर्षं पाच रुपये, आतली बिस्किटं कमी. ही महागाई दिसत नाही, मोजावी लागते. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पैसे पडले ते छापलेलं असतं, बारीक अक्षरात. आमच्या मोठ्या लेकीला ते वाचायचा नाद लागलाय आणि दुकानदार तिला बघून तोंड वाकडं करतो.

सगळ्यात मोठा निघाला आहेर. एका महिन्यात दोन लग्नं, एक बारसं, एक तेरावा. यात काटछाट करता येत नाही. तेराव्याला रिकाम्या हाताने जाणारा माणूस पुढच्या वेळी उसने मागायला कोणत्या तोंडाने जाणार? आमच्याकडे नातं हाच विमा आहे, आणि आहेर हा त्याचा हप्ता. खर्च कमी करा सांगणारे शहरी सल्लागार आधी यालाच कात्री लावतात, ते मला पटत नाही. फक्त तो किरकोळात लपवू नये. तो ठरलेला खर्च आहे, वर्षाचा आकडा काढून बाराने भागला की महिन्याला किती बाजूला ठेवायचं ते कळतं. शाळेच्या फीचं, खताचं, दसरा-दिवाळीचंही तसंच. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाला 'अचानक' म्हणणं आम्ही सोडलं. जून दरवर्षी येतो.

यातून पैसे वाढले नाहीत. एवढंच झालं, की यंदा मे महिन्यात बचत गटातून घेतलेलं कर्ज गेल्या वर्षीपेक्षा कमी होतं आणि ते कशासाठी घेतलं ते सांगता आलं. डायरीत 'किरकोळ' अजून आहे, पण त्याच्यावर बायकोने मर्यादा लिहिली आहे: पाचशे.

आबांची पट्टी त्या दिवशी मीच केली होती. अकरा क्विंटल आणि वर थोडं. हमाली, तोलाई, जुलैची उचल, उचलीवरचं व्याज. उरलेल्या नोटा त्यांनी दोनदा मोजल्या, टोपीच्या आत ठेवल्या आणि दारातून मागे वळून विचारलं, "तेल कितीला चाललंय रे आज?"